दोनशे बारा नावांचा वकील

वीज गेली तेव्हा तो माझ्या टेबलापुढे उभा होता आणि त्याची एकशे चाळीस नावं माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात होती.

"गेली?" त्याने इतक्या हळू विचारलं, जणू घरात कोणी वारलंय.

"वीज गेली. नावं नाही गेली. दर दहा ओळींनी सेव्ह करते मी. वकिलांची कामं करायची तर सावध राहावं लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे वीज गेली तर परत येते. वकील पैसे द्यायला परत येईलच असं नाही."

तो हसला. मान खाली घालून, बुटांकडे बघत... आणि मला उगीचच वाटलं, या माणसाला अजून थोडं टोचून बघावं.

झांबियातल्या कित्वे गावात, कोर्टासमोर जॅकरंडाच्या झाडाखाली माझी पत्र्याची टपरी आहे. टायपिंग आणि झेरॉक्स. बारावीनंतर घरात पैसे नव्हते, म्हणून कायदा मी दुसऱ्यांचे अर्ज टाइप करून शिकले. कोण वकील काय कमावतो हे त्यांच्या बायकांना माहीत नसेल, मला माहीत असतं. त्यांची बिलं मीच छापते. आमच्या गावात लोकांची एक पक्की समजूत आहे — जमिनीखाली तांबं आहे, तेव्हा वरचा प्रत्येक वकील मालदार. साफ खोटं. खाणीच्या बाजूने उभा राहणारा कालचा पोरगासुद्धा महिन्याला साठ हजार क्वाचा उचलतो, वर गाडी. खाणीच्या विरुद्ध उभा राहणारा आठ-दहा हजारांत दिवस काढतो. डगला दोघांचा काळाच. डोंगर पोखरून नेणाऱ्याचा वकील जेवतो आणि पोखरून देणाऱ्याचा वकील उधारीवर शेंगदाणे खातो, हा आमच्या देशाचा न्याय. कोणाला राग आला तर येऊ दे.

"दोन तास तरी येणार नाही वीज," मी म्हटलं. "बसा. बाक साफ आहे."

तो बसला. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर कडकड वाजत होतं. त्याच्या शर्टाची फक्त कॉलर आणि पुढची पट्टी इस्त्री केलेली होती, बाकी सगळा चुरगळा.

"अर्धीच इस्त्री?"

"बाकीचं डगल्याखाली जातं," तो म्हणाला. "कोळसा वाचतो."

आता हसायची पाळी माझी होती.

त्याचं नाव कसोंदे. टकल्या सिआमे वकिलांच्या हाताखाली तो नवा लागला होता. वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास — हे त्याने स्वतःहून सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. त्याच्या यादीतली दोनशे बारा नावं खाणीने एका सकाळी फाटकाबाहेर काढलेल्या कामगारांची होती. वेळ घालवायला मी हातांनी लिहिलेली यादी पुढे वाचू लागले आणि एका नावावर माझं बोट थांबलं. चितालु म्वाम्बा. बावीस वर्षं खाणीत. खोकला.

"हा माझा मामा आहे," मी म्हटलं.

तो चटकन उभा राहिला. माझ्या मामाच्या नावासाठी कोणी उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तो रोज येऊ लागला.

"कालच्या पानात एक स्वल्पविराम राहिला," तो म्हणायचा.

"वकीलसाहेब, स्वल्पविरामासाठी तुम्ही अर्धा मैल चालत आलात?"

"मोठा स्वल्पविराम आहे."

मग तो बाकावर बसायचा. कागदाच्या पुडीतले शेंगदाणे मधोमध ठेवायचा. आमची बोटं पुडीत एकदम गेली की तो हात मागे घ्यायचा — आणि मी घ्यायची नाही. जॅकरंडाची जांभळी फुलं टपरीत उडून यायची, तो एक-एक वेचून माझ्या कीबोर्डच्या कडेला मांडायचा. एकदा मी म्हटलं, "ही फुलं अक्षरांत अडकतात." दुसऱ्या दिवशी त्याने ती टेबलाच्या पार टोकाला मांडली. एका ओळीत.

एप्रिलात, आमचा पावसाळा सरता सरता, एक दिवस त्याने स्वल्पविराम आणला नाही.

"चिलेशे... मुद्दा असा आहे की... म्हणजे, सर्व बाबींचा विचार करता..."

"कसोंदे, मी न्यायाधीश नाही. मुद्द्यावर ये."

"मी तुझ्या घरी शिबुकोम्बे पाठवू का?"

आमच्यात मुलगा स्वतः मागणी घालायला येत नाही. त्याचा मध्यस्थ येतो, तो शिबुकोम्बे. एकावर एक पालथ्या घातलेल्या दोन ताटल्या घेऊन येतो आणि मधे पैसे असतात; मुलीकडच्यांनी वरची ताटली उचलली की मागणी मान्य. बोलणी संपेपर्यंत मुलाने सासुरवाडीचा उंबरा ओलांडायचा नाही.

"पाठव," मी म्हटलं, आणि झेरॉक्स मशीनचं झाकण उगीचच उघडलं, उगीचच बंद केलं.

"एकच. मी त्यांची केस चालवतो हे मामांना सांगू नकोस. त्यांना वाटतं, सगळं सिआमे साहेबच करतात. तसंच वाटू दे."

"का?"

"लोक म्हणतील, वकिलाने अशिलाकडून मुलगी स्वस्तात उचलली. मला काहीही म्हणू देत. तुला स्वस्त म्हटलेलं मला चालणार नाही."

मी कबूल केलं. तिथेच चुकले.

त्याचा मध्यस्थ म्वाबाकाका, निवृत्त बस ड्रायव्हर. ताटल्या चटईवर ठेवून त्याने गुडघे टेकले, टाळ्या वाजवल्या, सगळं रीतीप्रमाणे. मी आतल्या खोलीतून कान देऊन होते. मामा माझा बाप नसला तरी आमच्यात मामाचाच शब्द शेवटचा.

"मुलगा करतो काय?" मामाने विचारलं.

"वकील."

मग मामाचा आवाज एकदम भारदस्त झाला. "खाणीचा?"

आणि त्या म्हाताऱ्याने, मुलाचं वजन वाढावं म्हणून, ठोकून दिलं — "खाणीचाच! गाडी मिळणार आहे."

मामाने माझी किंमत सांगितली. ऐंशी हजार क्वाचा, मामाला कोट-पँट, आईला दोन ब्लँकेटं. आत्याने आनंदाने तोंडावर हात मारत किलकारी दिली. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

आठ दिवस कसोंदे फिरकला नाही. आला तेव्हा हातात एकच कागद होता.

"एक प्रत काढून दे."

मी वाचला. वाचल्याशिवाय मी काहीच झेरॉक्स करत नाही. राजधानी लुसाकातल्या मोठ्या वकिली ऑफिसचं नेमणुकीचं पत्र. महिना साठ हजार. सोमवारपर्यंत सही.

"कोणाच्या बाजूने?"

त्याने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"कसोंदे, कोणाच्या बाजूने?"

"त्याच खाणीच्या. ही केस मला देणार नाहीत, पण सिआमेंकडची सोडावी लागेल."

"आणि ती दोनशे बारा माणसं?"

"दुसरा कोणी वकील बघतील."

"नाव सांग. एक नाव सांग, दहा हजारांत हे करणाऱ्याचं."

"तीन-चार महिन्यांत मामांचे पैसे फिटतील, चिलेशे. दहा हजारांत आठ वर्षं लागतील. तोवर तू... तोवर मामा तुला दुसऱ्याला देतील."

"मी काय तांब्याचा दगड आहे? कुणाच्याही ट्रकमध्ये घालायला?"

"मला दुसरा रस्ता दिसत नाही," तो म्हणाला. आवाज अगदी शांत. त्याने ओरडायला हवं होतं, मला ओरडून उत्तर देता आलं असतं.

मी प्रत काढून दिली. पैसे घेतले नाहीत. तो गेला आणि मी शटर ओढून आत बसले. त्या पत्राला शिव्या दिल्या, मामाला दिल्या, स्वतःला सगळ्यात जास्त दिल्या.

रविवारी म्वाबाकाका उत्तर घेऊन आला. मुलाला आकडा मान्य होता.

आता मला बाहेर बोलावलं. ही रीत आहे: मुलीला विचारायचं, तिने चितेंग्याचा, कमरेला गुंडाळायच्या छापील कापडाचा, पदर डोक्यावर घेऊन, गुडघे टेकून, जमिनीकडे बघत "उचला" म्हणायचं. एवढंच. आजवर आमच्या घरात कोणी दुसरा शब्द बोललेलं नाही.

"चिलेशे, हा माणूस तुझ्या ओळखीचा आहे? ताटली उचलू का?" मामाने विचारलं.

"ओळखीचा आहे. पण मामा, आधी त्याचा पगार ऐका."

आत्या खोकली. आईने माझा पदर ओढला.

"दहा हजार. तेही महिनाअखेरीला मिळाले तर. तो खाणीचा नाही. म्वाबाकाका खोटं बोलले."

म्वाबाकाका चटईच्या काड्या मोजू लागला.

"पण उद्या तो खाणीचा होईल," मी म्हटलं. "तुमच्या ऐंशी हजारांसाठी. साठ हजारांचं पत्र आलंय. सही केली की तुमची केस सोडेल, कारण तुमची केस तोच चालवतो. सिआमे फक्त उभे राहतात, मामा. लिहितो तो. त्याने मला सांगू नको म्हटलं होतं आणि मी सांगतेय. रागावायचं तर माझ्यावर रागवा."

मामाच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती.

"तो काटकुळा?" शेवटी तो म्हणाला. "फायली घेऊन मागे पळतो तो?"

"तोच."

"त्याने मला विचारलं होतं, खोकला कोणत्या वर्षी लागला. बावीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. दोन तास बसला माझ्यासमोर. मला आठवेना, तर म्हणाला, घाई नाही."

मग तो म्वाबाकाकाकडे वळला. "ऐंशी हजार. एक क्वाचा कमी नाही. माझी भाची स्वस्त नाही."

मी उठू लागले, तेवढ्यात मामाने हाताने थांबवलं.

"पण केस जिंकल्यावर घेणार. आज ताटलीत जे असेल ते पुरे."

"आणि हरला तर?" म्वाबाकाकाने घाबरत विचारलं.

"तर वरच्या कोर्टात जायचं! जावई पळून जाणार आहे कुठे?"

आत्याने अशी किलकारी दिली की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. ताटली मामाने उचलायची असते. मी उचलली आणि त्याच्या हातात दिली. त्याने घेतली.

कसोंदे बसथांब्यावर निरोपाची वाट बघत उभा होता, पूर्ण इस्त्रीच्या शर्टात. मला धावत येताना पाहून तो दोन पावलं पुढे आला.

"काय म्हणाले?"

"ऐंशी हजार."

त्याने मान हलवली. "ठीक आहे. उद्या मी सही कर—"

"केस जिंकल्यावर द्यायचे. मी सगळं सांगितलं. तुला दिलेला शब्द मोडला."

तो हळूच म्हणाला, "चिलेशे, ही केस सहा-सात वर्षं चालेल."

"ठाऊक आहे."

"सहा-सात वर्षं थांबायचं?"

"पैशांनी थांबायचं. लग्न डिसेंबरात आहे."

प्रत्येक गोष्टीला तीन पोटकलमं जोडणारा तो माणूस थांब्याच्या कठड्यावर बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"मला ती नोकरी नको होती," तो म्हणाला. "एक दिवससुद्धा नको होती. मला तू हवी होतीस... आणि भीती वाटत होती. एवढंच. यापेक्षा चांगलं मला बोलता येत नाही."

"बरं बोललास."

"दहा हजारांत राहशील माझ्याबरोबर?"

"माझे सहा येतात टपरीचे," मी त्याच्याशेजारी बसत म्हटलं. "सोळा झाले."

बस आली, थांबली, कंडक्टरने दोनदा हाका मारल्या. आम्ही ती जाऊ दिली.