मनवणारी रुसली

मी जीवनला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो सूट घालून भाताच्या तणसाच्या ढिगावर बसला होता. मे महिन्याचं ऊन, खाली मांडवात पंगत खोळंबलेली — आणि हा नवरदेवाचा चुलतभाऊ रुसून वर चढलेला!

त्याला खाली आणायचं काम माझं होतं. खरोखरचं काम. माझी मोठी बहीण सरिता आणि मी, आम्ही दोघींनी आमच्या गावात, सिहोऱ्यात, हा धंदाच काढला होता. मांडवाच्या खांबाला आमचा बोर्ड लटकायचा, 'रुसलेले पाहुणे मनवून मिळतील'. हसू नका. आमच्या भागात पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून काका रुसतो, मानाचा दुपट्टा आखूड निघाला म्हणून जवाई रुसतो, आणि एक रुसला की त्याच्याकडचं कोणीच ताटावर बसत नाही. मुलीचा बाप काकुळतीला येतो. तिथे आम्ही पाण्याचा ग्लास घेऊन पोचायचो. कसब घरचंच होतं. आमचे बाबा, आनंदराव, वर्षातले दोनशे दिवस रुसलेले. भाजीत मीठ कमी पडलं, रुसले. जास्त पडलं, रुसले. बरोबर पडलं, तर कोणी विचारलं नाही म्हणून रुसले. त्यांना मनवून आई थकली, तेव्हा आम्ही शिकलो.

तर मी शिडी लावून ढिगावर चढले आणि ग्लास पुढे केला.

“पाणी घ्या, भाऊ.”

त्यानं घटाघटा पिऊन टाकलं! मी बघतच राहिले.

“अवो, असं कोणी पितं काय? रुसले ना तुमी?”

“रुसलो ना,” तो दचकून म्हणाला. “पण... तहान लागली होती.”

“काहून रुसले?”

“मले का माहीत! आमच्या घराण्यात दर लग्नात एक जण रुसतो. नाई तर लोक म्हणतात, यायच्या घरी मानाचा माणूसच नाई. यंदा माही पाळी. काकानं सांगितलं, जाय, चढ.”

मला असं हसू आलं... पण रुसलेल्यासमोर हसायचं नाही, हा सरिताचा पहिला नियम. मी ओठ चावले. मग कीव आली आणि तिथेच बसून शिकवणी घेतली.

“हे पाहा. मान खाली नाई, बाजूले. पहिल्यांदा पाणी आलं का परत पाठवाचं. दुसऱ्यांदा फक्त ओठ लावाचे. तिसऱ्यांदा पेलं, का राग गेला.”

“आन् मनवणारीकडे पाहाचं का?”

“अजिबात नाई.”

“हे कठीण आहे,” तो म्हणाला, आणि पाहिलंच.

चिखल्याच्या खाणीत कामगारांना खाली सोडणारी लिफ्ट तो चालवायचा. “दिवसभर लोकांले मी उतरवतो,” शिडीवरून उतरता उतरता म्हणाला, “आज मले कोणीतरी उतरवलं.” मी रिकामाच ग्लास पुन्हा त्याच्यापुढे केला. मी! जिनं तुलारामजींसारख्या खाष्ट जवायाला तीन वाक्यांत ताटावर बसवलं होतं!

त्यानंतर तो रुसतच सुटला. तुमसरच्या लग्नात मठ्ठा आंबट निघाला म्हणून रुसला. पुढच्या लग्नात बँडवाल्यानं सलाम केला नाही म्हणून रुसला. एका लग्नात तर कोणाकडून आलात म्हटल्यावर “दोन्हीकडून” म्हणाला आणि गच्चीवर जाऊन रुसला. आणि दर वेळी एकच निरोप यायचा — त्या धाकटीलेच पाठवा!

गच्चीवर त्यानं मला विचारलं होतं, “तुमी कधी रुसत नाई का?”

“एका घरात एकच रुसणारं परवडते,” मी म्हटलं. “ते जागा बाबायनं घेतली.”

मी गंमत केली होती. तो मात्र हसला नाही. हातातला ग्लास त्यानं न पिताच खाली ठेवला, आणि मला उगाच रडू येईलसं वाटलं.

मग व्हायचं तेच झालं. लोक बोलू लागले, 'या पोट्ट्या रुसणारा सोबतच घेऊन फिरतात'. दोन लग्नं हातची गेली.

“तृप्ती,” सरिता कडाडली, “गोसीखुर्द धरणाकडे त्या पुढारी भय्याजीच्या पोरीचं लग्न आहे. आख्खा जिल्हा येऊन राहिला. तिथं तो बुवा रुसला, तर आपला बोर्ड चुलीत घालाचा!”

मी जीवनला फोन केला.

“भय्याजीकडे येऊन राहिले का?”

“हो ना. आता कशावर रुसू?”

“रुसू नका. आन्... माह्याकडे पाहूही नका.”

 “बरं,” तो म्हणाला.

आला. धरणामुळे उठून नव्यानं वसलेलं ते गाव, सरळ रस्ते, मोठा मांडव. निळ्या शर्टात आला, नवरदेवाशी हसला, आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी सांगितलं तसंच, अगदी तस्संच वागला. आणि मला असा राग आला म्हणून सांगू!

मांडवामागे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मी जाऊन तिच्यात बसले. मान कधी बाजूला वळली, कळलंसुद्धा नाही.

सरिता शोधत आली. “इथं कोण रुसलं?”

“मी.”

ती हतबुद्ध! पाणी आणलं, मी परत पाठवलं. लाडीगोडी लावली, मी ढिम्म. “तुले तर साऱ्या युक्त्या माहीत आहेत, बाई!” ती रडकुंडीला आली. तेवढ्यात भय्याजी फेटा सावरत आले. संपला धंदा, मी डोळे मिटले.

“काऽय?” भय्याजी गरजले. “मनवणारीच रुसली? माह्या मांडवात? एवढा मान जिल्ह्यात कोणाले भेटला, सांगा! थांबवा पंगत! माह्या धाकट्या पोरीच्या लग्नालेही याच पोरी येतील!”

आणि ग्लास घेऊन जीवन ट्रॉलीत चढला. सगळा मांडव बघत होता. मी ग्लास बाजूला सारला.

“काहून रुसल्या?”

“तुमी पाहिलं नाई.”

“तुमीच म्हटलं होतं!”

“म्हटलेलं सारंच आयकाचं असते का?”

त्यानं पुन्हा ग्लास पुढे केला. मी नुसते ओठ लावले.

“खरं सांगू?” तो हळूच म्हणाला. “मठ्ठा चांगला होता. मी एकदाही रुसलो नाई. तुमी याव्या म्हणून चढून बसत होतो.”

“माहीत आहे मले.”

“मंग प्या ना. दोन हजार लोक उपाशी बसले.”

“थोडं थांबा...” मी म्हटलं. “मले आजवर कोणी मनवलंच नाई, जीवन.”

तो माझ्या शेजारी टेकला. “नका पिऊ मंग. संध्याकाळपर्यंत बसू. उद्या पुन्हा मनवतो. माहं प्रेम आहे तुमच्यावर... रोज मनवीन.”

“बाबा रुसतील.”

“त्यायच्या बाजूले जाऊन मीबी रुसतो. शिकलो ना आता!”

मी ग्लास हिसकावला आणि एका दमात रिकामा केला. “निघाला रुसवा! पंगत बसवा!” सरिता ओरडली, मांडवात टाळ्या पडल्या.

“अवो,” जीवन डोळे मोठे करून म्हणाला, “असं कोणी पितं काय?”

“तहान लागली होती,” मी म्हटलं.