आधी ठोका

हिंगणघाटच्या त्या जिनिंगमध्ये पुंडलिकराव मेले, त्या संध्याकाळी मी मॅनेजर धनंजय यांना फोन केला आणि वीस मिनिटांत बातमी दिली. 'गाठी बांधण्याच्या प्रेसमध्ये अडकलेली रुई काढताना कामगाराने स्विचला कुलूप लावले नव्हते.' वाक्य त्यांचं. छापलं मी.

दीड महिन्यानं, सकाळी अकराला, तिथं सुरक्षा प्रशिक्षण होतं. त्याचीही बातमी हवी होती. शेडमध्ये सरकीचा तेलकट वास होता, रुईचे कण नाकात जात होते. प्रशिक्षकानं नियम सांगितला. मशीनमध्ये शिरणाऱ्यानं मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, नावाची पट्टी अडकवायची, किल्ली खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. कामगारांची त्याआधीपासूनची एक रीत होती. मशीन सुरू करणाऱ्यानं त्याचा बाहेरचा पत्रा तीनदा ठोकायचा. आत माणूस असला तर तो दोनदा ठोकतो.

धनंजय यांनी उदाहरण म्हणून पुंडलिकरावांचं नाव घेतलं. आळस नडला, म्हणाले.

मागं पुंडलिकरावांची बायको सरिताबाई उभ्या होत्या. त्या इथंच कापूस निवडतात. ते वाक्य कधी मागं घेता, असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. मी टाळलं होतं.

"यायनं कुलूप लावलं होतं, साहेब. किल्ली यायच्या खिशात सापडली. माह्यापाशी हाये."

"मग कुलूप कुठं आहे, बाई?" धनंजय हसले.

प्रशिक्षकानं प्रेसच्या स्विच-पॅनेलचं दार उघडलं.

स्विचला लाल कुलूप होतं. पट्टीवर पुंडलिकरावांचं नाव. कुलपातून पाणी ठिबकत होतं. खाली थोडी वाळू साचली होती.

इलेक्ट्रिशियन अंकुश मागं सरकला. "हे तर त्या दिशी मीच कापलं होतं, साहेब. तुमीच सांगतलं होतं. वेणा नदीत फेकून आलतो."

धनंजय म्हणाले, थट्टा पुरे, परत कापा. अंकुश जागचा हलला नाही.

सरिताबाई पुढे गेल्या. किल्ली फिरली. कुलूप उघडलं. धनंजय यांचा हात स्विचकडे गेला.

"आधी ठोका," त्या म्हणाल्या. "त्या दिशी ठोकलं नाई तुमी."

धनंजय यांनी ठोकलं नाही.

सरिताबाईंनी ठोकलं. तीनदा.

आतून दोनदा वाजलं.

त्यांनी कुलूप परत दाबलं आणि किल्ली पदराला बांधली.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती छापली: कुलूप लावले होते, ते कापले गेले.

ती प्रेस अजून बंद आहे. फ्यूज गेलाय, असं धनंजय सांगतात. सरिताबाई रोज कामाला लागण्याआधी पत्रा ठोकतात, उत्तर ऐकतात आणि मग कापूस निवडायला बसतात.