कावळ्याला दिलेला शब्द

म्हशाच्या जत्रेतून लोक बैल आणतात, घोंगड्या आणतात. आमच्या मालकांनी त्या पौषात पितळी स्टोव्ह आणला.

त्याची सवय होता होता माझ्या नाकी नऊ आले. आधी वाटीत बोळा पेटवायचा, बर्नर तापू द्यायचा, मगच पंप मारायचा. घाई केली की पिवळी ज्वाळ आढ्याकडे झेपावायची. शेजारची जनाबाई दारातूनच ओरडायची, "भागी गो, घरात नाग पाळलास काय? किती फुसफुसतो तो!"

"धूर तर नाय करत," मी म्हणायचे.

धुरासाठीच तो आणला होता. आमची लेक हौसा डोळखांबच्या सासरहून खोकला घेऊन परत आली होती. चूल पेटली की तिची छाती भरून यायची. मला ऐकू जाऊ नये म्हणून ती आतल्या खोलीत गोधडीचं टोक तोंडात धरून खोकायची. स्टोव्ह यायच्या आधीच, कार्तिकात ती गेली. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. मी नाना परीने विनवलं. शेवटी मालक पुढे झाले.

"हौसे, घरातली चूल आता नाय पेटवणार. जा गो बाय."

कावळा लगेच उतरला.

तेव्हापासून अंगणात तीन दगड मांडून शिजवत होते. स्टोव्ह आल्यावर पुन्हा घरात बसू लागले.

पण माझे सोमवार होते. घासलेटाच्या वासाचा नैवेद्य महादेवाला कसा दाखवायचा? दिलेला शब्द माणसांच्या जेवणापुरता, देवाचं वेगळं, असं मनाशी धरलं आणि एका सोमवारी मूठभर तांदळापुरती घरातली चूल पेटवली.

आतल्या खोलीतून खोकला आला.

मालक असतील म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. खोली रिकामी होती. मालक खळ्यावर होते. त्यांची हाक लांबून ऐकू येत होती. खाटेवर हौसाची गोधडी, मीच घडी घालून ठेवलेली.

पुढच्या सोमवारी तसंच झालं. लेकीचा खोकला आईला ओळखू येतो.

मग मला सोमवारची वाट बघवेना. मालक शेतावर गेले की मी चूल पेटवून बसायचे. फुंकणी हातात, कान आत. ती खोकायची. घरात ती होती.

एके दिवशी खोकला दबका आला. तोंडात काहीतरी धरल्यासारखा.

मी जळकी लाकडं ओढून पाण्यात विझवली. चूल शेणानं सारवली, देवापुढे बसले. "महादेवा, ह्याच्या पुढे घासलेटाचा घास गोड करून घे."

त्यानंतर घर गप्प झालं. स्टोव्हच्या आवाजापलीकडे मी किती ऐकायला बघितलं. काही नाही.

श्रावणात दूर देशी चाललेल्या लढाईमुळे घासलेट मिळेना. सोमवारी मालक शहापुराहून रिकामा डबा घेऊन आले, नखशिखांत भिजलेले. अंगणात गुडघाभर पाणी.

"आज चुलीवरच टाक," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पोटात काय तरी गेलं पायजे. तिला काय कळतंय आता?"

मी चुलीपुढे बसले. काटक्या रचल्या. काडेपेटी हातात घेतली.

आत खाट करकरली.

मग काहीच नाही. खोकला नाही, श्वासही नाही.

काडी ओढली नाही. पोहे भिजवून देवापुढे ठेवले, मालकांना वाढले.

मग आत गेले. वरची कौलं कोरडी होती. गोधडीची घडी जशीच्या तशी.

फक्त एक टोक बाहेर ओढलेलं होतं. ओलं, चुरगळलेलं आणि अजून कोमट.