बार्बोराची डहाळी

आमच्या खाणीत कुणी मेलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. चेर्ना ल्होत्का गावची ही खाण पाटीच्या दगडाची. पन्नास वर्षांपूर्वी दगडाला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा पंप बंद केले, माणसं आपापली हत्यारं उचलून घरी गेली आणि पाणी हळूहळू वर चढून तळं झालं. एवढंच झालं. मी रादिम, पेशाने मोजणीदार, वय एकसष्ट. पाण्याखालच्या त्या बोगद्यांचा नकाशा मी गेली अकरा वर्षं काढतो आहे. ज्या गोष्टीला आकडा नाही तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

ओताकार आमचा म्होरक्या. चौऱ्याहत्तर वर्षांचा, गुडघ्यांनी दगा दिलेला. आता तो पाण्यात उतरत नाही, पण तळ्याकाठच्या लाकडी खोपटात शेगडीपाशी बसून हुकूम सोडतो. पाण्यात उतरणारे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, तसे आम्ही त्यालाही करतो, पण ऐकतो मात्र निमूटपणे.

त्याचे नियम दोन. पहिला चिमट्यांचा. शेगडीच्या वर एक तार ताणलेली आहे, तिला धुणं वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले असतात, प्रत्येकावर एकेक नाव. आत जाताना आपला चिमटा बरोबर न्यायचा. बोगद्याला फाटा फुटतो तिथे वाट दाखवणाऱ्या दोरीला तो लावायचा, परतताना काढायचा आणि बाहेर आल्यावर पुन्हा तारेला अडकवायचा. दोरीवर चिमटा आहे म्हणजे माणूस आत आहे. दुसरा नियम पाटीच्या दगडावर कोरून दारावर टांगलेला होता: नवरा-बायको एका दोरीवर नाहीत. एकाला काही झालं की दुसरा अक्कल गहाण टाकतो आणि मग दोघंही परत येत नाहीत, असं ओताकारचं म्हणणं. इथे नाही, पण दुसऱ्या एका खाणीत त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

हा दुसरा नियम माझ्या मुळावर आला होता, कारण मला वेंदुलाशी लग्न करायचं होतं.

वेंदुलाचं गावात औषधांचं दुकान आहे. वय सत्तावन्न, एक संसार मोडून झालेला. पहिल्या नवऱ्याने तिला पाणी की मी, असं विचारलं आणि तिने फार वेळ घेतला नाही. नऊ वर्षं ती माझ्याबरोबर उतरते आहे. मी तिला तीनदा विचारलं. दोनदा तिने हसण्यावारी नेलं, तिसऱ्यांदा मात्र सरळ उत्तर दिलं.

"घोरणारा नवरा कुठेही मिळेल रे. अंधारात हात पुढे केला की नेमका तिथे असणारा जोडीदार मिळत नाही. ओताकारच्या त्या पाटीपायी मी तो घालवू?"

नियम बदल म्हणून ओताकारच्या मागे लागलो, तर म्हणाला की पाटी त्याने बाजारातून आणलेली नाही, स्वतः कोरली आहे. घरी येऊन एकट्याचं ताट विसळताना मला फार वाईट वाटलं. हे आकड्यात मांडता येत नाही, पण खरं आहे.

चार डिसेंबरला संत बार्बोराचा दिवस. खाणवाल्यांची ती राखणकर्ती. त्या दिवशी चेरीची डहाळी तोडून घरात पाण्यात ठेवायची. उबेला ती नाताळपर्यंत फुलली तर वर्षभरात लग्न. वेंदुला डहाळी घेऊनच खोपटात आली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत खोडी चमकली.

"ही मी स्वयंपाकघरात ठेवणार," ती म्हणाली. "तिथे फुलली तर करते याच्याशी लग्न."

ओताकार चहाचा ठसका लागेपर्यंत हसला. "तिथे फुलली तर पाटी मी स्वतः उतरवीन. वर तुमच्या लग्नात नाचेन, या गुडघ्यांनी."

स्वयंपाकघर म्हणजे खाणीतली एक खोली. माणसं तिथे डबे खायची, सूप गरम करायची, म्हणून ते नाव. तळ्यात आठ मीटर खाली बोगद्याचं तोंड आहे, तिथून एकशे चाळीस मीटर आत जायचं, फाट्याला डावीकडे वळायचं, मग कातळात कोरलेल्या पायऱ्या वर चढतात आणि डोकं पाण्याबाहेर निघतं. खोलीची जमीन तळ्याच्या पातळीहून हातभर उंच, त्यामुळे ती कोरडी राहिली. दगडी बाक आहे, भिंतीत खुंट्या आहेत, खुंटीला एक पत्र्याचा पेला. बाहेर जायचा जुना रस्ता ढासळून बंद झालेला. काळोख असा की दिवा विझवला तर स्वतःचा हात आहे की नाही याची शंका यावी.

त्या दिवशी नेहमीप्रमाणे मी मोजमापं घेतली. तापमान सहा अंश. हवेत ऑक्सिजन सतरा टक्के, म्हणजे शिळी हवा. अशा हवेत आम्ही तोंडातली श्वासाची नळी बोलण्यापुरतीच काढतो. वेंदुलाने पेल्यात पाणी भरलं, डहाळी उभी केली आणि पेला बाकावर ठेवला. कळ्या बारीक, तपकिरी, टणक. फुलायला ऊब लागते, उजेड लागतो. मला ते माझ्या अर्जाचं थडगं वाटलं. तरी परतताना तिने माझा हात धरला होता, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

त्यानंतर थंडी अशी पडली की तळं वीतभर गोठलं. तळ्याकडे जायच्या फाटकाची किल्ली ओताकारच्या गळ्यात. वीस दिवस कुणी उतरलं नाही.

चोवीस डिसेंबरला सकाळी दहा वाजता ओताकारने करवतीने बर्फात तिकोनी भोक पाडलं. आमच्या गावी नाताळची सकाळ अशीच जाते, घरी मासा तळायचा असतो आणि पुरुष पायांत पायांत येतात म्हणून त्यांना बाहेर हाकलतात. मला हाकलणारं कुणी नव्हतं. माझ्याकडे नकाशे ठेवायची पाणबंद नळी होती, वेंदुलाकडेही तसलीच एक, तिच्यात तिने व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, म्हणजे नाताळची बिस्किटं, भरली होती. स्वयंपाकघरात बसून खाऊ, म्हणाली.

आत पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. हे महत्त्वाचं आहे. पाटीचा गाळ पिठासारखा असतो. कुणाचा पाय लागला तर दोन-तीन दिवस खाली बसत नाही, आणि बसला तरी खुणा राहतात. तळाशी खुणा होत्या त्या फक्त आमच्या जुन्या. फाट्याला दोरी मोकळी होती. मी माझा चिमटा लावला, वीतभर अंतरावर तिने तिचा.

पायऱ्या चढून डोकं बाहेर काढलं आणि माझ्या डोळ्यांवरची काच एकदम धुरकटली. मी ती पुसत होतो तेव्हा शेजारी वेंदुलाचा श्वास थांबलेला ऐकू आला.

डहाळी फुलली होती.

टोकापासून बुडापर्यंत पांढरी शुभ्र. एकही पाकळी मिटलेली नव्हती, एकही गळलेली नव्हती, आणि फुलांवर पाण्याचा टिपूस नव्हता कुठे. दिव्याच्या उजेडात ती बाकावर उभी होती आणि खोलीभर मंद गोड वास पसरला होता.

मग वेंदुलाने हातमोजे काढले, तोंडातली नळी काढली आणि ओल्या चेहऱ्याने माझ्याकडे वळली. ती रडत होती आणि हसतही होती.

"बघतोस काय? विचार ना."

"काय?"

"चौथ्यांदा."

मी विचारलं. ती हो म्हणाली. दगडी बाकावर बसून आम्ही चंद्रकोरी खाल्ल्या, त्यांची साखर दाढीला चिकटली म्हणून ती मला चिडवत राहिली, आणि आयुष्यात मी इतका सुखी कधीच झालो नव्हतो. डहाळी तिथेच राहू दे, असं तिने ठरवलं. पेल्यात पाणी घालायला गेलो तर तो काठोकाठ भरलेला होता. निघताना सवयीने ऑक्सिजन पाहिला. एकवीस, बाहेरच्या मोकळ्या हवेइतका. यंत्र थंडीने बिघडलं, असं मी वहीत लिहिलं.

फुलं कुठून आली याबद्दल मला शंका नव्हती. वेंदुलाने घरी दुसरी डहाळी फुलवली, नळीतून आणली आणि मी काच पुसत होतो तेवढ्यात बदलली. तिला हो म्हणायचं होतं, आणि ओताकारपुढे हार न मानता म्हणायचं होतं. तिने एवढा खटाटोप माझ्यासाठी केला, याचंच मला अप्रूप. म्हणून मी चकार शब्द काढला नाही. ओताकारने आम्हा दोघांकडे संशयाने पाहिलं, भामटे कुठले, म्हणाला, आणि स्टुलावर चढून पाटी उतरवली.

संध्याकाळी मनगटावरच्या यंत्रातली नोंद मी संगणकावर उतरवली. तापमानाची रेघ सहा अंशांवर सरळ चालली होती. स्वयंपाकघरातल्या बावीस मिनिटांपुरती ती एकवीसवर गेली होती. मग पुन्हा सहा. तिथे वेंदुलाचे उघडे हात जराही गारठले नव्हते, हे मला तेव्हा आठवलं. एकाच दिवशी दोन यंत्रं बिघडली, असं म्हणून मी संगणक बंद केला.

लग्न मे महिन्यात झालं. आमच्याकडे नवरा-नवरीच्या गळ्यात मिळून एक पंचा बांधतात आणि एकाच थाळीतलं सूप एकाच चमच्याने दोघांनी संपवायचं असतं. तेवढ्या जवळून तिला विचारायची ती पहिलीच संधी.

"आता तरी सांग, नळीतून फुलं चुरगळू न देता आणलीस कशी?"

तिचा चमचा हवेत थांबला. "मी? अरे, माझ्या नळीत तर चंद्रकोरी होत्या. मला वाटलं तूच."

पाहुणे ओरडत होते की सूप निवतंय. मग तिला हसू फुटलं, तिच्यामुळे मला, आणि पंच्यावर सूप सांडलं. ओताकारला विचारलं तर आपण काही केलं नाही, अशी त्याने गुडघ्यांची शपथ घेतली. शब्द दिल्याप्रमाणे तो नाचला मात्र, दोन गाणी.

जूनच्या अखेरीस आम्ही पहिल्यांदा नवरा-बायको म्हणून एका दोरीवर उतरलो. फाट्याला दोन चिमटे लावले. काही झालंच तर अक्कल गहाण टाकायची नाही, असं आम्ही एकमेकांना बजावलं होतं.

डहाळीला पानं होती. हिरवीगार, तळहाताएवढी.

बाकावर पेल्यापाशी चेरीच्या बिया एका ओळीत मांडल्या होत्या. मी मोजल्या. अकरा. स्वच्छ चोखलेल्या, आणि अजून ओल्या.

ओळीच्या टोकाला जोडदेठाच्या दोन चेरी वेगळ्या ठेवल्या होत्या. लालबुंद.

"ह्या आपल्या," वेंदुला हळूच म्हणाली. मी हात धरायच्या आत तिने एक तोंडात टाकली.

"कशी आहे?"

"गोड. आणि कोमट आहे रे. उन्हातल्या झाडावरून आत्ता काढल्यासारखी."

मीही खाल्ली. आता बायकोने खाल्ल्यावर मी काय करणार होतो? आमच्या दोन बिया आम्ही ओळीत ठेवल्या. वेंदुला अंधाराकडे वळून आभारी आहोत म्हणाली, दुकानात गिऱ्हाइकाला म्हणते तितक्याच सहज. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होता तो पाहुणचार झाल्याचा आनंद.

परतताना फाट्यावर आम्ही आपापले चिमटे काढले. वेंदुलाने खिशातून तिसरा काढला, कोरा, नाव नसलेला, आणि दोरीला लावला. वर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "माणूस आत आहे तर चिमटा नको? नियम म्हणजे नियम."

उन्हाळाभर आणि पानगळीत तो तिथेच राहिला. दर खेपेला आम्ही त्याच्याशेजारी आपले लावायचो.

यंदा चार डिसेंबरला तळं पुन्हा गोठलं. ओताकारने भोक पाडलं आणि घोंगडी पांघरून त्याच्या काठावर बसला. आम्ही नवी डहाळी घेऊन उतरलो. जाताना कोरा चिमटा जागेवर होता.

डहाळी ठेवून परतलो तेव्हा दोरीवर दोनच चिमटे होते. आमचे.

निसटून पडला असेल म्हणून मी खाली दिवा मारला. गाळावर काही नव्हतं. पाणी स्वच्छ होतं.

वर आलो. तू जागचा हललास का, असं ओताकारला विचारलं. तो म्हणाला, चहा ठेवायला आत जाऊन आलो फक्त. खोपटात शिरलो तर ऊब होती, चहाला रमचा वास होता. टेबलावर चार पेले भरलेले होते.

"चौथा कुणाचा?" वेंदुलाने विचारलं.

ओताकारने पेल्यांकडे पाहिलं. बोटांवर मोजत पुटपुटला, तुम्ही दोघं, मी, आणि. तिथे तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नाव जिभेवर असून आठवत नाही, तेव्हा माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

आमचे चिमटे अजून आमच्या हातांत होते. ते लावायला मी तारेकडे वळलो. कोरा चिमटा तिथे आधीच लावलेला होता. त्यातून पाणी ठिबकत होतं, आणि दर थेंबाला खालची शेगडी चुर्र वाजत होती.