व्हॉल्व्हचं चाक

बसा. चहा होईपर्यंत सांगते.

पनवेलजवळ एका रसायनाच्या कारखान्यात मी सांडपाण्याच्या प्लांटवर साफसफाईला होते. दोन हजार बाराची गोष्ट. तिथे मेम्ब्रेनचे लांब पांढरे नळ होते. आत इतका बारीक पडदा, की पाणी पलीकडे जातं आणि विष अलीकडे अडतं. ते पलीकडचं पाणी काचेच्या पेटीत सोडलेलं, त्यात पाच लाल मासे. मासे जिवंत दिसले की तपासणीचे साहेब सही करून जात. रोज सकाळी माशांना खाणं मीच घालायची.

मार्चमध्ये पडदे तुंबले. आमचे सुपरवायझर अवधूत सर. त्यांनी बाजूचा व्हॉल्व्ह उघडून विषारी पाणी थेट खाडीत सोडलं आणि पेटीत मला नळाचं पाणी भरायला लावलं. मी भरलं. त्याच खाडीत माझा भाऊ काशिराम जाळं घेऊन उतरायचा. आठवड्यात त्याच्या पायांची कातडी सोलून निघाली. तरी मी गप्प होते.

मग एका सकाळी पेटीत सहावा मासा दिसला. निवटी. मातकट, डोळे डोक्यावर. माझी आई चिखलात हात घालून निवट्या पकडायची. आमच्या खाडीतून त्या नाहीशा होऊन दहा वर्षं झाली होती. पेटीचं झाकण बंद होतं. वर मी ठेवलेली वीटही तशीच.

दुसऱ्या दिवशी चार होत्या. तिसऱ्या दिवशी पेटी भरली. ओल्या चिखलाचा वास सुटला, आणि सगळ्या निवट्यांची तोंडं त्या व्हॉल्व्हकडे. काचेवर त्यांच्या धडकांचा आवाज येत होता. टप... टप...

"ही कुणाची मस्करी?" अवधूत सर म्हणाले. "बारा वाजता साहेब येतायत. बादली घ्या, काढा सगळे."

"नाय काढनार."

"रंभाताई, नोकरी नकोय का?"

"पायजे ना. पन मी हात नाय लावनार. तुमी लावा."

त्यांनी बाही सरकवून हात पाण्यात घातला आणि झटकन बाहेर ओढला. मनगटापर्यंत कातडी लाल, सोललेली. काशिरामच्या पायांसारखी.

"हे... नळाचंच पाणी आहे ना?"

"नलाचंच. मीच भरलंय."

मग मी हात घातला. पाणी गार होतं. निवट्या बोटांना हळूच लागून गेल्या.

मी सरळ जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, परत कुणी उघडू नये म्हणून त्याचं चाक काढून पदराखाली घेतलं. बारा वाजता साहेबांना सगळं सांगितलं. माझी नोकरी गेली. पण पडदे नवे बसले.

ते चाक इथेच आहे, तांदळाच्या डब्यामागे. ते परत न्यायला दोनदा कारखान्याची माणसं आली. गोड बोलली, धमकावूनही गेली. मी दिलं नाही, देणारही नाही. एवढंच, की कुणी ते मागायला येणार असलं, की त्या सकाळी चाकाखाली ओला चिखल साचलेला असतो.

आज पहाटेच पुसला मी...

घ्या, चहा घ्या. तुम्ही कुणाकडून आलात, ते अजून सांगितलं नाहीत.