पाणंदवाडीच्या सरकलेल्या खुंट्या

भाई खोबरेकरांनी पेजेच्या वाडग्यात लोणच्याची फोड सोडली आणि त्याच क्षणी जानकी आचरेकर धापा टाकत दारात उभी राहिली. तिची सायकल अंगणात आडवी पडली होती.

"भाईनू, रसिका आसा मा घरात? चोरी झाली!"

"अगे बाय! काय चोरीक गेला?"

"गेला काय नाय. सरकला."

भाईंच्या डोक्यात काही शिरेना. ते निवृत्त पोस्टमास्तर. वस्तू एक तर पोचते नाही तर हरवते, एवढंच त्यांना ठाऊक. तेवढ्यात त्यांची भाची रसिका तेंडोलकर आतून आली. मुंबईत विमा कंपनीसाठी दहा वर्षं खोटे दावे उघडे पाडल्यावर तिने मालवणात मामाच्या पडवीला 'खाजगी तपास' अशी पाटी लावली होती. तपासाला निघताना ती भाईंना बरोबर घेई, कारण गावातला प्रत्येक पत्ता त्यांना पाठ होता. आपल्या बुद्धीसाठी घेते, असा भाईंचा समज होता. तो तिने कधी मोडला नव्हता.

"बस, पाणी पी," रसिका म्हणाली. "काय सरकलं?"

"खुंट्या."

जानकी पाणंदवाडीची. शाळेत शिकवते आणि वाडीच्या रस्ता समितीची सचिव आहे. पाणंदवाडी शहराच्या कडेला. पंधरा वर्षांत तिथे घरं तिप्पट झाली, रस्ता मात्र बैलगाडीच्या मापाचाच राहिला. एसटी हमरस्त्यावर थांबते. तिथून वाडीत यायचं तर चिऱ्यांचे डंपर आणि पर्यटकांच्या गाड्या यांच्यामधून जीव मुठीत धरून चालायचं. गेल्या वर्षी आठवीतली एक मुलगी सायकलसकट गटारात गेली आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून जानकीने अर्जांवर अर्ज केले. अखेर मंजुरी आली. दोन्ही बाजूंना पायवाट, सायकलींना वेगळी पट्टी, आणि वाडीच्या टोकाला बसथांबा. बस वाडीत येणार, तिथेच वळणार आणि परत जाणार.

"काल बांधकाम खात्याच्या माणसांनी पिवळ्या खुंट्या ठोकल्या. आज चार वाजता इंजिनीअर येऊन माप घेणार आणि सही करणार. पहाटे पाचला मी फिरायला निघाले तेव्हा ओळ सरळ होती. सहाला परतले, तर टोकाकडच्या सात खुंट्या भलतीकडे!"

"आणि सगळ्यांचा संशय?"

"जितेंद्र लुडब्यावर. त्याच्या दुकानाची पडवी रस्त्यात जात होती, ती वाचली ना! तो म्हणतो, माका चोर म्हणशात तर रस्त्याक दिलेली संमती परत घेतंय. त्याने घेतली की त्याच्या मागून आणखी दहा जण घेतील. मग कसला रस्ता नि कसली बस!"

रसिकाने चपला पायात सरकवल्या. भाईंनी पेजेकडे एकदा पाहिलं आणि स्कूटरची किल्ली उचलली.

*

वाडीच्या टोकाला रस्ता संपत होता. आत शिरताना उजव्या हाताला जितेंद्रचं दुकान आणि त्याला लागून विजेचा खांब. डाव्या हाताला चिऱ्यांचा बुटका गडगा, त्याच्याआड सावित्री परब, म्हणजे वाडीच्या सावित्रीआत्या, यांचं अंगण. भाईंनी खांबाच्या सावलीत स्कूटर लावली.

दुकानाकडच्या तीन खुंट्या दोन हात रस्त्यात आल्या होत्या. समोरच्या चार मात्र गडग्याच्या खिंडीतून थेट सावित्रीबाईंच्या अंगणात घुसल्या होत्या.

"कोणीतरी लाथेन उडवल्यान," भाईंनी निकाल दिला.

 रसिकाने जानकीकडून दोरी मागितली, रस्त्यात एका ठिकाणी तिचं टोक भाईंना धरायला लावलं आणि अंगणातल्या चारही खुंट्यांना दुसरं टोक लावून पाहिलं. मग भाईंना दोनदा पुढेमागे सरकवलं. तिसऱ्या जागी दोरी चारही खुंट्यांना सारखी पुरली.

"मामा, लाथेने उडवलेल्या खुंट्या अशा कमानीत पडतात?"

"नशीब असला तर पडतत."

ती ओणवी झाली. खुंट्यांची डोकी चेंगरली होती आणि पिवळ्या रंगावर तांबडी पूड होती. तिने बोट फिरवून भाईंना दाखवलं. चिऱ्याची पूड.

*

जितेंद्र दुकानात पाठ करून बसला होता.

"लुडबे, दोन प्रश्न विचारू?"

"इचारा. सगळी वाडी इचारता, तुमी कित्या मागे रवतात?"

"पडवीची कौलं कुठे गेली?"

भाईंनी वर पाहिलं. पडवीवर नुसते वासे होते. कौलं भिंतीला रचून ठेवलेली, आणि दुकानाचं फळकूट आत ओढून नव्याने बसवलेलं.

"परवा उतरवलंय. पडवी जाताली तर जाताली. बस इली काय गिराईक येताला, माका कळत नाय?" जितेंद्रचा आवाज चढला. "आणि माकाच चोर म्हणतत!"

"हातोडा आहे तुमच्याकडे?"

"हातोडे मी इकतंय. केवढो होयो?"

रसिका हसली. जितेंद्रही नाइलाजाने हसला.

दुसरा संशय बाळा गावड्यावर. वाडीतली एकुलती रिक्षा त्याची. बस आली की त्याचा धंदा बसणार, असं सगळे म्हणत. त्यातून सकाळी सातला तो कोपऱ्यावर घण घेऊन उभा दिसला होता.

"घण व्हतो, कारण मडगार्ड वाकला व्हता," बाळा म्हणाला. "पहाटे साडेचाराक मी कुडाळ स्टेशनार गेलंय, आमच्या मुख्याध्यापकांका आणूक. सात वाजता परत इलंय. तेंकाच फोन लावा."

रसिकाने फोन लावला. मुख्याध्यापकांनी शब्द न् शब्द खरा असल्याचं सांगितलं.

"आणि बस आली तर तुझं काय?"

"अहो, आता मी दिवसभर हमरस्त्यार उन्हात उभो. बस हय इली काय बॅगावाली माणसां माझ्या दारात उतरतली. आतल्या पाणंदीतून तेंका घराक कोण नेताला? मीच मा!"

भाईंनी रसिकाच्या कानाला लागून म्हटलं, "दोघय सुटले. म्हणजे भायरचो माणूस."

"चला, शेजारी विचारू."

*

सावित्रीआत्यांनी त्यांना खुर्च्या दिल्या आणि विचारायच्या आधीच कोकम सरबत पुढे केलं. पासष्टीच्या, ताठ कण्याच्या बाई. भिंतीवर खाकी गणवेशातला त्यांचा फोटो, खाली जुनी तिकिटांची पेटी. तीत आता सुई-दोरा असे. दाराच्या खिळ्याला शिट्टी लटकत होती.

"ही अजून वाजते?" रसिकाने विचारलं.

"वाजता तर! वांदर माडार इले काय वाजवतंय. सव्वीस वर्सां मालवण-कोल्हापूर केलंय. घाटात पावसान आडवो केलेलो रस्तो, मागे घेवची गाडी, आणि ड्रायव्हराक माझी शिट्टी. वांदरांची काय कथा!"

भाईंचं लक्ष अंगणात गेलं. विहिरीच्या कडेला अबोलीची रांग मान टाकून उभी होती. मुळांशी माती ओली.

"आत्यानू, अबोली सुकली कशी?"

"सुकूक नाय ती. गडग्याकडली काल सांजेक हय हलवलंय. दोन दिवसांनी उभी रवतली."

"तुमच्या अंगणात चार खुंट्या आल्यात," रसिका म्हणाली. "राग नाही आला?"

"सरकारी खुंट्यो. तेंच्यार रागवान काय करू?" आत्यांनी पेला पुढे सरकवला. "घे गो, अजून घे."

"रस्त्याच्या सभेत तुम्ही काही बोलला होता?"

"हात वर केलंय. जानकीन घड्याळाकडे बघितल्यान." त्यांनी खांदे उडवले. "तिचाय बरोबर. वेळ झाली व्हती."

बाहेर पडताना भाई हळहळले. "सगळ्यात जास्त नुकसान हेंचाच. पण बाई देवमाणूस. अवाक्षर बोलाक नाय."

रसिका थबकली. "मामा, आज तुम्ही केस सोडवलीत."

भाई इतके खूश झाले की कशी सोडवली हे विचारायचं राहूनच गेलं.

*

चार वाजता इंजिनीअर आली. तेजस्वी नावाची तरुण मुलगी, हातात टेप आणि नकाशाची गुंडाळी. सगळी वाडी टोकाला जमली होती. जितेंद्र हाताची घडी घालून उभा, जानकीचे ओठ पांढरे पडलेले.

"नकाशाप्रमाणे खुंट्या नाहीत," तेजस्वी म्हणाली. "असं असेल तर मला काम पुढे ढकलावं लागेल."

"पाच मिनिटं द्या, मॅडम," रसिका म्हणाली. "सकाळपासून सगळे एकच प्रश्न विचारतायत. फायदा कुणाचा झाला? फायदा झाला जितेंद्रचा. पण त्याने परवाच स्वतःच्या हाताने कौलं उतरवली. पडवी सोडायला तयार असलेला माणूस ती वाचवायला खुंट्या का हलवेल? शिवाय त्याच्या दुकानात हातोडे टांगलेत, आणि खुंट्या ठोकल्यात चिऱ्याच्या दगडाने. डोक्यांवर अजून पूड आहे. म्हणजे हलवणाऱ्याकडे हातोडा नव्हता. बाळाकडे घण आहे, आणि पाच ते सहा तो कुडाळच्या फेरीवर होता."

जितेंद्रने घडी सोडली.

"मग भाईमामांनी मला बरोबर प्रश्न दिला. नुकसान कुणाचं झालं? चार खुंट्या सावित्रीआत्यांच्या अंगणात घुसल्या. एरवी कुणाच्या गडग्यातला एक चिरा हलला तर आपल्याकडे तीन पिढ्या कोर्टात जातात. आत्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. का? तर त्यांना ते आधीच ठाऊक होतं. खुंट्या सरकल्या आज पहाटे. त्या पट्टीतली अबोली त्यांनी काल संध्याकाळीच विहिरीकडे नेऊन लावली."

सगळ्यांच्या माना वळल्या. सावित्रीआत्या गडग्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर सावरला, पण नजर खाली घातली नाही.

"होय. मीच हलवलंय. सुंभ बांधून, मापान. जितेंद्रा, तुझ्यार आळ येतलो, ह्या माझ्या डोक्यात इला नाय रे. साहेब येतकच सांगूचा, असा ठरवलेला."

"पण आत्यानू, कित्या?" जानकीला रडू आवरेना. "स्वतःची जमीन घालवून?"

"ते मी सांगते," रसिका म्हणाली. "चुकलं तर आत्या सांगतील. बस इथे तोंडाने आत येणार आणि मागे घेऊन वळणार. उजवीकडे विजेचा खांब, म्हणजे मागचा भाग डावीकडेच घालावा लागणार. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. डावी मागची बाजू त्याला धड दिसत नाही. ती कोण बघतं?"

"कंडक्टर," बाळा पटकन म्हणाला.

"सव्वीस वर्षं आत्यांनी तेवढंच पाहिलं. नकाशात जागा वाढवलीय उजवीकडे, जिथे बस वळतच नाही. आणि डावीकडे, जिथे बसचं शेपूट फिरणार, तिथे काय आहे?"

तेजस्वीने नकाशा उलगडला. तिचं बोट डाव्या कडेवर येऊन थांबलं.

"पायवाट," ती हळूच म्हणाली. "थांब्यावर उभं राहायची जागा."

"आणि सायकली लावूची," आत्या म्हणाल्या. "पोरां थय उभी रवतली आणि गाडी मागून येतली. ह्याच सांगूक मी हात वर केलेलो."

जानकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मॅडम, आमच्या शब्दावर जाऊ नका," रसिका म्हणाली. "बाळा, ती बस आण."

हमरस्त्यावर पर्यटकांची एक बस रिकामी उभी होती. ड्रायव्हरशी रसिकाचं दुपारीच बोलणं झालं होतं. लांबीला ती एसटीएवढीच. बाळाच्या रिक्षामागून ती हळूहळू वाडीत आली, तेव्हा म्हातारीकोतारी माणसं गडग्यांवर चढून उभी राहिली.

जितेंद्रने आपणहून चार माणसं घेऊन गडग्याचे चिरे उतरवले. भाईंनी नकाशातल्या रेषेवर फक्कीची पांढरी ओळ ओढली आणि त्या ओळीच्या आत, पायवाटेच्या जागी, दुकानातली रिकामी खोकी मांडली. सावित्रीआत्यांनी शिट्टी आणली, पदर खोचला आणि बसच्या मागे डाव्या कोपऱ्याला जाऊन उभ्या राहिल्या.

शिट्टी वाजली. बस मागे आली. पुन्हा शिट्टी, पुन्हा थोडी मागे. बसचं शेपूट पांढऱ्या ओळीवरून सावकाश आत गेलं, आणि तीन खोकी एकामागून एक कडाकडा मोडली. कोणी हसलं नाही. आपापलं पोर त्या जागी उभं आहे, असं प्रत्येकाला दिसत होतं.

बस आणखी फिरली. पिवळ्या खुंट्यांच्या कमानीपासून वीतभर अलीकडे येताच लांब शिट्टी झाली आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. मग बस एका वळणात बाहेर पडली. वाडीने टाळ्यांचा कडकडाट केला.

तेजस्वीने स्वतः टेप धरून त्या कमानीचं माप घेतलं. "नकाशा सुधारून आठवड्यात आणते. पायवाट आणि सायकली आता दुकानाच्या बाजूला घेऊ. आजी, तुमची जमीन जातेय. लेखी संमती द्यावी लागेल."

"देतंय. पण परत नकाशा काढशीत तेव्हा कंडक्टराक इचार. ड्रायव्हराक फुडचा दिसता. मागचा आमी बघतों."

जानकी आत्यांच्या पाया पडायला वाकली, तर आत्यांनी तिला वरच्या वर धरलं. "पाया पडू नको. फुडच्या सभेत माका पयली बोलूक दी."

परतताना स्कूटरवर भाईंनी मनातली गोष्ट विचारून टाकली. "रसिका, मी केस सोडवलंय ती नेमकी कशी?"

"तुम्ही म्हणालात, अवाक्षर बोलली नाही."

"हां हां," भाई गंभीरपणे म्हणाले. "ताच माका खटाकला व्हता."

*

मार्गशीर्षात पाणंदवाडीत पहिली एसटी आली. नारळ जितेंद्रने फोडला. रंगवलेल्या पट्टीवर मुलींनी सायकलींची रांग लावली होती, आणि बाळाने रिक्षाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. बसच्या पायरीवर पहिला पाय कोणी ठेवायचा, यावर वाडीत वाद झाला नाही.

सावित्रीआत्या नवं लुगडं नेसून चढल्या. तरुण कंडक्टरीण अदबीने बाजूला झाली. आत्या दोन्ही बाजूंच्या सीटांकडे बघत बसभर चालल्या आणि मधेच उभ्या राहिल्या.

"आत्यानू, बसा मा!" भाई खालून ओरडले.

"बसतंय रे, थांब! जन्मभर गाडीत उभी रवलंय," आत्या म्हणाल्या, "खिडकी खंयची बरी, ता बगूक दी."