शेलारांकडचं विरजण

बंद पडलेल्या डेअरीच्या तळघरातली ती प्रयोगशाळा पाहून माजी फौजदार गणपत शेलारांना हसूच आलं. जन्मभर ज्यांच्या मागे धावलो, त्यांच्याच दारी चाकरी! चौकीतल्या मुद्देमालातली नशेची निळी पूड कोणी पळवली देव जाणे, बडतर्फ मात्र शेलार झाले. पुढे त्यांना कोणी पहारेकऱ्याचंही काम देईना. दिलं ते त्याच पुडीचा चोरटा धंदा करणाऱ्या ओंकारशेठनं. पुडीच्या गोळ्या गिळायच्या आणि पोटातून तपासणी नाक्यापलीकडे न्यायच्या. नाक्यावरच्या गंधवेधी यंत्राला पोटातला माल तेवढा कळत नसे.

"गोळी आतच फुटली तर?" शेलारांनी विचारलं.

"त्यासाठीच हे." शेठच्या पदरी असलेल्या डॉ. मृणाल सबनीसांनी दह्याची वाटी पुढे केली. "यात मी घडवलेला नशाभक्षी जीवाणू आहे. आतड्यात घर करतो आणि निळी पूड रक्तात आली रे आली की तिचा फडशा पाडणारा रस सोडतो. मेंदूपर्यंत कणही पोचत नाही."

"किती दिवस टिकतो?"

"जन्मभर. तुम्हाला ही नशा आता चढायचीच नाही."

"आणि दुधात?"

"दुधात तर भराभर वाढतो. का हो?"

"काही नाही. दही झकास आहे," म्हणत शेलारांनी उरलेलं डब्यात भरून घेतलं.

घरी ते बायकोला म्हणाले, "इंदू, याचं विरजण लाव. कोणी मागितलं तर नाही म्हणू नकोस."

"आपल्याकडे मागतंय कोण?"

खरंच होतं ते. सोसायटी निवृत्त पोलिसांची. बडतर्फीपासून त्यांचं दार कोणी वाजवलं नव्हतं. समोरच्या कदमवहिनी, जमादाराची बायको, तर तोंड फिरवून जिना उतरत. नोकरीपेक्षा शेलारांना हेच जास्त लागलं होतं.

पण वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. तिथल्या सुनेला मागचं काही ठाऊक नव्हतं. ती वाटी घेऊन आली आणि सुरीनं कापावं असं दही लागलं. तिच्याकडून विरजण शेजारी गेलं, शेजारून कोणाच्या माहेरी, तिथून हलवायाकडे. विरजणाला नाही म्हणायची आपल्यात रीतच नाही!

दिवाळीपर्यंत शेठची गिऱ्हाइकं खवळली. पूड ओढावी तर नुसती शिंक यायची. गल्लीत पूड ओढत बसणारी पोरं कंटाळून पुन्हा क्रिकेट खेळायला लागली.

शेठनं शेलारांना बोलावलं. "तू जुना पोलीस. माझ्या मालात भेसळ कोण करतंय, माग काढ!" आणि तिरमिरीत त्यानं स्वतःच चिमूटभर पूड ओढली. शिंक आली.

शेजारी उभ्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. "शेठ, सकाळी काय खाल्लंत?"

"दहीपोहे. हल्ली काय दही लागतं आमच्याकडे!"

"विरजण कुठलं?"

"मला काय ठाऊक? बायकोनं मागून आणलं कुठूनतरी."

"काढतो माग," शेलार मिशीत हसू दाबत म्हणाले आणि शीळ घालत घरी निघाले.

दारात कदमवहिनी उभ्या होत्या. हातात रिकामी वाटी.

"आमच्या पोरांनी विरजणापुरतंही ठेवलं नाही हो," त्या खाली बघत म्हणाल्या. "चार घरं विचारली. हिनं तिचं नाव सांगितलं, तिनं तिसरीचं. माग काढत काढत तुमच्याच दारी आले. चमचाभर द्याल?"

इंदुमतीबाईंचे डोळे भरून आले.

"चमचाभर कशाला?" शेलार म्हणाले. "वाटी भरून दे गं. आणि वहिनी, बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."